आईच्या हरकतीवर पप्पांचा शिक्का

माझे पप्पा घाबरट होते.

आज पहाटे ते गेले.

कोणी दार जोरात वाजवलं तरी दचकायचे. साहेबांचं नाव घरातसुद्धा हळू आवाजात घ्यायचे.

कारण होतं. मराठवाड्यातून आलेला माणूस, पदरात आम्ही दोघी बहिणी आणि नोकरी टेम्पररी.

ऐंशीच्या दशकात नवी मुंबई वसत होती, तेव्हा शहर वसवणाऱ्या सरकारी ऑफिसात ते आवक-जावक क्लार्क होते. बाहेरून आलेला प्रत्येक कागद त्यांच्याकडे यायचा. शिक्का मारायचा, रजिस्टरला नोंदवायचा, पोच द्यायची.

तेव्हा इथे महापालिका नव्हती. नगरसेवक नव्हते. घरपट्टी किती घ्यायची आणि कुठे खर्च करायची, ते ऑफिसच ठरवायचं.

एका वर्षी बोर्डावर नोटीस लागली.
घरपट्टी दुप्पट.
हरकत असेल तर मुदतीत लेखी द्या. एक जरी हरकत आली, तर सुनावणी घ्यावी लागणार होती.

वसाहतीत सगळे चिडले. लिहिलं कोणीच नाही. घरं त्याच ऑफिसने हप्त्यावर दिलेली. घर काढून घेतलं तर?

आई नववी शिकलेली. तिने वहीचं पान फाडलं आणि लिहिलं. शाळेच्या रस्त्यावर दिवे नाहीत, गटारं उघडी आहेत, मग आधीच्या पट्टीचं काय केलंत ते सांगा. आणि पुढचं बजेट करताना आम्हाला विचारा.

कागद तिने पप्पांकडे दिला, ऑफिसात जमा करायला.

पप्पांचा चेहराच उतरला. साहेबांनी स्टाफला बजावलं होतं, आपल्या माणसांच्या घरून कागद यायला नको. पप्पांची पर्मनंटची फाईल त्याच साहेबांकडे होती.

चार दिवस तो कागद डब्याच्या पिशवीतून ऑफिसात गेला आणि तसाच परत आला. आई विचारायची. पप्पा म्हणायचे, उद्या.

शेवटच्या दिवशी आईने तो पिशवीतून काढून घेतला आणि दुपारी मला घेऊन ऑफिसात गेली. मी सातवीत होते. दाराबाहेर थांबून ती म्हणाली,

"आत गेल्यावर पप्पा म्हणायचं नाही."

मी मान हलवली.

खिडकीपलीकडे पप्पा. त्यांच्या मागेच साहेबांचं टेबल.
आईला बघून पप्पा खुर्चीतून अर्धे उठले.

"साहेब, हरकत द्यायची आहे. पोच पाहिजे."
आई स्वतःच्या नवऱ्याला म्हणाली.

मागून साहेबांनी विचारलं, काय आहे?

पप्पांनी कागद हातात घेतला. मला वाटलं, आता कागद परत देणार. मी आईचा पदर इतका घट्ट धरला होता की पिन निघाली.

मग त्यांनी शिक्का उचलला. पहिला अर्धाच उमटला. त्यांनी दुसरा मारला.

"घरपट्टीवर हरकत आहे, सर. मुदतीत आलीय."

साहेबांनी कागदावरचं नाव वाचलं. मग पप्पांकडे बघितलं. कागद टेबलावर ठेवून आपल्या कामाला लागले. ओरडले असते तर परवडलं असतं.

त्या दिवशी पप्पा जेवले नाहीत. आई म्हणाली, मला वाटलं तुम्ही परत कराल.
"मुदतीतला कागद परत कसा करणार?" एवढंच म्हणाले.

सुनावणी झाली, शाळेच्या हॉलमध्ये. आई एकटीच असेल असं वाटलं होतं. पण वसाहतीतल्या बायका एकेक करून येत गेल्या, शेवटी बाकं कमी पडली. ऑफिसला पहिल्यांदाच आमच्यासमोर खर्च वाचून दाखवावा लागला. पट्टी वाढली, पण दुप्पट नाही, दीडपटच. शाळेच्या रस्त्याचे दिवे पुढच्या बजेटमध्ये आले.

पप्पांची बदली लांब, जासईकडच्या गोडाउनला झाली.

फाईल तीन वर्षं हलली नाही. तीन वर्षं पोस्टमन दिसला की आमचं घर गप्प व्हायचं. नोकरी गेल्याचंच पत्र असणार, असं प्रत्येक वेळी वाटायचं.

पप्पांनी आईला त्यावरून एका शब्दाने बोल लावला नाही.

अखेर पर्मनंटची ऑर्डर आली. आई रडायला लागली. पप्पांनी ऑर्डर दोनदा वाचली, घडी घातली आणि म्हणाले,

"पुढच्या वेळी पट्टी वाढवली तर परत लिही. फक्त अक्षर जरा नीट काढ."

अंत्ययात्रेला आज दुपारी चार वाजता खारघरच्या घरून निघू. आईला फोन करू नका, घरीच या.

पप्पा, तुम्हाला शेवटचा जय भीम.