होडीचा नारळ

आमच्या घरात नारळ फोडायचा मान थोरल्याचा. विहिरीला पाणी लागलं, मोटार बसली, नुसतं नवं दार लावलं तरी नारळ दादाच फोडणार. दुष्काळी पट्ट्यातलं आमचं मुरुड गाव सोडून मी नांदेडला बोअरच्या मोटारी दुरुस्त करायला बसलो, तेव्हा दादा वर्षभर इकडं फिरकला नाही. पण दुकान टाकलं त्या दिवशी पहिल्या एसटीनं हजर. नारळ फोडला, फोटोत पुढं उभा राहिला. घराच्या वेळी तेच, टेम्पोच्या वेळी तेच. लोक त्याचा हात हातात घेऊन कौतुक करायचे आणि मी मागं पेढ्यांचा खोका धरून उभा.

होडीच्या वेळी मात्र हे चालू द्यायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

होडी हैदराबादच्या एका हौशी माणसाकडून घेतली. दोनदा मी सौद्यातून उठून निघालो. तिसऱ्यांदा तो जिना उतरून मागं आला. फायबरची, सहाजण बसतील अशी, मागं पेट्रोलचं इंजिन. विष्णुपुरीच्या धरणामागं गोदावरी पसरते, तिथं काठावर एका म्हाताऱ्या भोयाजवळ ती ठेवली. आमच्याकडच्या लोकांना पाणी म्हणजे उपसायची वस्तू. होडी बघायला आलेल्या प्रत्येकानं विचारलं, "ह्याचा उपयोग काय?" एकानं तर इंजिनाला किती इंची पाईप बसतो ते विचारलं. सकाळी धुकं विरत असताना बुडालेल्या झाडांच्या शेंड्यांवर पाणकावळे पंख वाळवत बसतात, पलीकडं केळीच्या बागा दिसतात, हे अशांना काय सांगायचं. सांगितलं तर म्हणतात, पक्षी तर फुकट दिसतात.

दादाला मी बोलावलं नव्हतं. कुणीतरी कळवलं. मुरुडहून पिशवीत नारळ घेऊनच आला.

होडी अजून काठावर जुन्या टायरांवर ठेवलेली होती. दादानं नारळाला कुंकू लावलं आणि इकडंतिकडं दगड शोधू लागला.

भोई म्हणाला, "हितं हाय बघा दगूड. होडीवर नका आपटू मालक, फायबर हाय, लाकूड न्हाई."

"मला शिकवू नको," मी म्हणालो, आणि दादाच्या हातातून नारळ ओढून घेतला.

दगडावर फोडला असता तरी चाललं असतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मला होडीवरच फोडायचा होता, सगळ्यांसमोर. मी होडीच्या पुढच्या टोकाला, खालच्या बाजूनं आपटला. नारळ फुटला नाही. दुसऱ्यांदा जोर लावून आपटला, तेव्हा फुटला. भोयानं खाली वाकून त्या जागेवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "होडी लोटा पाण्यात."

पाहुणे काठावर थांबले. होडीत आम्ही तिघंच, मी, दादा आणि भोई. दादाच्या मांडीवर प्रसादाचा स्टीलचा डबा. अर्धं पाणी कापलं असेल तेव्हा तो म्हणाला, "आरं, पाय वल्ले व्हायलेत माझे."

"होडीत पाणी असतंच, दादा."

"वळवा मालक," भोई म्हणाला.

मी इंजिन वाढवलं. पाण्याच्या मधोमध एक बेट आहे, ते दादाला दाखवल्याशिवाय परत फिरायचं नव्हतं. पाणी घोट्यापर्यंत आलं. दादाला पोहता येत नाही. तो ओरडला असता, रडला असता, तर मला बरं वाटलं असतं. त्यानं डब्यातले खोबऱ्याचे तुकडे पाण्यात सोडले आणि डब्यानं पाणी उपसायला लागला. शेतातला पाण्याचा दांड सुधारावा इतक्या शांतपणे. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. शेवटी मी होडी वळवली.

पुढचे चार दिवस भोई आणि मी होडी उलटी करून पॉलिश पेपरनं घासत बसलो. तडा वीतभर होता. घासायचं, पुसायचं, वाळू द्यायचं, फायबरचं कापड चिकटवायचं, पुन्हा घासायचं. भोई "सांगितलं होतं" एवढं म्हणाला असता तर मी त्याला हाकलून दिलं असतं. त्याला ते ठाऊक होतं.

महिन्यानं मुरुडला लग्नाला गेलो. मांडवात शिरताच एकानं हसत विचारलं, "थोरल्यानं होडी फोडली म्हणं तुमची? हात जड हाय त्याचा."

"कोण म्हणलं?"

"त्योच सांगत हुता की. नारळ जोरात बसला म्हणं."

माझं डोकं फिरलं. "मी फोडली," मी म्हणालो. "नारळ मी फोडला. माझ्या हातानं."

शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं तंबाखू मळायची थांबवली. "थोरला हजर आसताना तू कसा फोडशील? कायबी बोलायलास."

दादा पाहुण्यांना फेटे वाटत होता. त्यानं ऐकलं. "सोडा हो आता," तो म्हणाला. "झाली चूक माझ्याकडनं. धाकल्यानं काई मनात धरलं न्हाई."

लोकांनी माना डोलावल्या. किती मोठ्या मनाचा माणूस. मी न जेवता गाडी काढली. माझी होडी, माझी चूक, तीही त्यानं आपल्या नावावर करून घेतली, आणि वर मला माफ करणारा भाऊ ठरवून टाकलं.

आता होडी उत्तम चालते. थेंब येत नाही. दादा फोनवर दर वेळी विचारतो, "परत कवा न्यायलास?" मी म्हणतो, इंजिन बिघडलंय.