पायलटचा एक महिना, रोलरचे तेहतीस

दौलतनं रोलर बंद केला, खाली उतरला आणि टोपीनं तोंड पुसत म्हणाला, "साहेब, मी ह्याच्यावर रोलर न्हाई फिरवणार."

सकाळचे साडेआठ वाजले होते. साडेअकराला मंत्र्यांचं हेलिकॉप्टर उतरणार होतं. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि मी सार्वजनिक बांधकाम खात्यात ज्युनियर इंजिनिअर होतो. कळंबच्या पुढे बैलगाड्यांच्या शर्यतीचा घाट, म्हणजे गाड्या पळवायचा पट्टा, आहे, त्याच्या शेजारच्या मोकळ्या जागेत हेलिपॅड करून देणं माझ्याकडे होतं. आयुष्यातलं पहिलं हेलिपॅड. दोन दिवस मला धड जेवण गेलं नव्हतं.

हेलिपॅड म्हटलं की लोकांना काहीतरी भव्य वाटतं. आम्ही करायचो ते हेलिपॅड म्हणजे तीस मीटर लांब-रुंद, दाबून कडक केलेला जमिनीचा तुकडा. मधे चुन्याच्या फक्कीनं काढलेलं इंग्रजी एच. बाजूला काठीवर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी. आणि धूळ उडू नये म्हणून थोडं पाणी. सगळं कौशल्य या 'थोडं'मध्ये आहे. माती ओलसर असली की रोलरखाली घट्ट बसते. जास्त भिजली की सैल पिठासारखी होते, आणि सैल पिठाची भाकरी कुणालाच थापता येत नाही.

पाणी मारायचं काम पंचायत समितीच्या सभापतींनी हौसेनं अंगावर घेतलं होतं. घाटाची मंडळी त्यांचीच. शर्यतीआधी घाटात टँकरनं पाणी मारतात, म्हणजे धुरळा बसतो आणि बैलाच्या खुराला पकड मिळते. या कामात त्यांचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. आदल्या संध्याकाळी त्यांनी आमच्या हेलिपॅडवर पाच टँकर ओतले. सकाळी, कमी पडायला नको म्हणून, आणखी दोन. हेलिकॉप्टरला खूर नसतात, हे त्यांना सांगायचं आमच्याकडून राहून गेलं.

नऊ वाजता आमचे कार्यकारी अभियंते, म्हणजे डिव्हिजनचे प्रमुख, पांढऱ्या अँबॅसिडरमधून उतरले. पहिली नजर बंद रोलरवर.

"हा का थांबलाय?"

"लई भिजलंय साहेब," दौलत म्हणाला. "फिरवला तर समदी माती रोलरच्या चाकाला चिकटून वर यील. खाली खड्डं पडतील."

"तुला पगार रोलर चालवायचा मिळतो. डोकं चालवायचा नाही."

मग माझ्याकडे वळून, दौलतला ऐकू जाईल अशा बेतानं, त्यांनी आठवण करून दिली की या माणसाची कायम करण्याची फाइल त्यांच्याच टेबलावर आहे. दौलत निमगाव सावाचा. आठ वर्षं रोजंदारीवर रोलर चालवत होता. रोजंदारी म्हणजे आला तर सत्तर रुपये, खाडा झाला तर काही नाही. आजारी पडायची सोय नाही, रजा नाही, पेन्शन नाही. ती फाइल सहीपर्यंत पोचायलाच तीन वर्षं लागली होती. एक वाईट शेरा पडला असता तर ती पुन्हा पहिल्या टेबलावर जाऊन बसली असती.

साहेब सभापतींबरोबर मंडप पाहायला गेले. दौलतनं रोलर चालू केला आणि सरळ उलट्या दिशेनं नेला. दोनशे फुटांवर मुरमाड माळ होता. शर्यतीच्या दिवशी तिथं गाड्या उभ्या करतात, म्हणून पाणी तिकडं कुणी मारलं नव्हतं. तिथं तो मागेपुढे करू लागला.

मी धावत गेलो. "अरे, काय करतोयस?"

"रोलर चालवतोय साहेब. पगार त्याचाच हाय न्हवं?"

मी पाहिलं नाही असं ठरवलं. पण दीड तासानं, तो पट्टा छान गुळगुळीत झाल्यावर, मी उरलेली फक्की घेऊन त्याच्या चार कोपऱ्यांवर चार ठिपके टाकले. तिथं एच काढायचं धैर्य मला झालं नाही.

साडेअकराचं हेलिकॉप्टर बाराला दिसलं. आधी पुण्याच्या बाजूला आवाज, मग ठिपका, मग एकदम डोक्यावर. माणसं झाडांवर, ट्रॅक्टरवर, पाण्याच्या टाकीवर चढली होती. बँडवाल्यांनी सुरुवात केली. सभापती आणि स्वागत समिती हार घेऊन एचच्या कडेला, ओल्या मातीच्या काठावर उभी. आमचे साहेब त्यांच्यात.

हेलिकॉप्टरनं एक घिरटी घातली. लोकांना वाटलं, मंत्री दर्शन देताहेत. सगळ्यांनी हात हलवले. त्यानं दुसरी घिरटी घातली, आणखी खालून. वरून तो एच कसा दिसत असेल ते मला कळत होतं. चकाकणाऱ्या चिखलात तरंगणारं पांढरं अक्षर. मग हेलिकॉप्टर तिरपं झालं, एच सोडून सरळ मुरमाच्या माळाकडे गेलं आणि माझ्या चार ठिपक्यांच्या मधोमध अलगद टेकलं.

हार घेतलेली मंडळी तिकडे पळाली. सरळ रस्ता चिखलातून होता. सभापतींचा एक बूट एचच्या आडव्या दांडीवर रुतून राहिला. बँडवाले शहाणे, ते वळसा घालून गेले आणि आधी पोचले. त्यामुळे मंत्र्यांचं स्वागत क्लॅरिनेटवाल्यानं केलं.

मंत्री सभेला गेल्यावर साहेब माझ्याकडे आले. गुडघ्यापर्यंत चिखल. "ते दुसरं कुणी केलं? एस्टिमेट आहे? मंजुरी आहे?" दोन्ही नव्हतं. सरकारी खात्यात काम चुकलं तर चालतं, पण चुकीच्या कामाला मंजुरी लागते आणि बरोबर कामालाही लागते. दौलतला कारणे दाखवा नोटीस द्यायची, मसुदा मी लिहायचा, आणि साहेब सभेहून येईपर्यंत तयार ठेवायचा, असा हुकूम झाला. "उद्या फाइलला लावून टाकू," ते म्हणाले. कोणत्या फाइलला, हे विचारायची गरज नव्हती.

मी कोरा कागद घेऊन लिंबाखाली बसलो. तिथं पायलट होता. सगळे त्याला कॅप्टन म्हणत होते. लष्करातून निवृत्त झालेला, साताऱ्याकडचा, पन्नाशीचा. सभा तीन तास चालणार होती. हेलिकॉप्टर उतरताना ॲम्ब्युलन्स उभी ठेवावी लागते, तिचा ड्रायव्हर बाळूभाऊही येऊन बसला. दौलत जरा लांब उभा होता. नोटिशीचं त्यानं ऐकलं होतं. कॅप्टननंच त्याला बोलावून शेजारी बसवलं.

बाळूभाऊला कशाचीच भीड नसायची. त्यानं विचारलं, "राव, पगार किती म्हनायचा तुमाला?"

कॅप्टननं काही आडवळण न घेता सांगितलं. महिना साठ हजार, आणि हवेतल्या तासांचे वेगळे. पुण्याहून इथं यायला वीस मिनिटं लागली होती, म्हणजे आतापर्यंत वीस मिनिटांचे.

सगळे एकदम बोलायला लागले. माझ्या हातात कागद-पेन होतंच. आमच्याकडे टेंडरं आली की कुणी काय दर भरला याचा एक तक्ता करतात, त्याला कंपॅरेटिव्ह स्टेटमेंट म्हणतात. मी तोच आखला. कॅप्टन, साठ हजार. कार्यकारी अभियंता, अठरा हजार. मी, नऊ. बाळूभाऊ, पाच. पारगावच्या कारखान्याला ऊस तोडणारं जोडपं टनावर मजुरी घेतं. बाळूभाऊचा मेव्हणा टोळीत होता, त्यावरून त्यानं दोघांचे मिळून तीन हजार धरले, तेही हंगामापुरते. शेवटी दौलत. सत्तर रुपयांनी सव्वीस दिवस, अठराशे वीस.

भागाकार मी केला. कॅप्टनच्या एका महिन्यात दौलतचे तेहतीस महिने बसत होते. पावणेतीन वर्षं.

"म्हंजी ह्यो आठ वर्सं राबला," बाळूभाऊ म्हणाला, "ते तुमचं तीन म्हैनं पन न्हाई."

खात्याच्या नियमानं सर्वांत कमी दर भरणाऱ्याला काम मिळतं. त्या हिशेबानं हेलिकॉप्टर दौलतनंच न्यायला हवं, असं मी म्हणालो. कॅप्टन मोकळेपणी हसला. दौलत हसला नाही. त्यानं शांतपणे विचारलं, "एवढं पैसं कशाचं देत्यात, साहेब? उडवायचं?"

कॅप्टन म्हणाला, "उडवायला शिकवता येतं. पैसे 'नाही' म्हणायचे देतात. मागच्या पावसाळ्यात ढग होते म्हणून एका बड्या माणसाला विमानतळावर चार तास बसवून ठेवलं. तो ओरडला, पण आत बसला नाही. आज तुमच्या त्या एचला नाही म्हटलं."

"नाय म्हनायचं पैसं मिळत्यात व्हय?" दौलत म्हणाला. "मी सकाळधरनं फुकट म्हनतोय."

कॅप्टननं त्याच्याकडे वळून पाहिलं. मग सकाळपासूनची सगळी हकीकत विचारून घेतली. टँकर, घाट, साहेब, माळ. नोटिशीचं मीच सांगितलं.

साडेतीनला साहेब परत आले. त्यांच्या हातात एक छापील फॉर्म होता. हेलिपॅड योग्य होतं असं पायलटनं लिहून द्यायचं असतं, तो. जागेच्या रकान्यात 'एच खुणेचे हेलिपॅड' असं आधीच टाइप केलेलं. साहेबांनी फॉर्म कॅप्टनपुढे धरला आणि दुसऱ्या हातानं, नोटिशीचा मसुदा समजून, माझ्या हातातला तक्त्याचा कागद घेतला. मला अडवायला वेळच मिळाला नाही. ते वाचू लागले. साठ हजारांच्या खाली स्वतःचे अठरा हजार वाचताना त्यांच्या भुवया ज्या वर गेल्या, त्या बराच वेळ खाली आल्या नाहीत.

"हे काय आहे?"

"कंपॅरेटिव्ह स्टेटमेंट, सर."

ते पुढं काही बोलणार तोच कॅप्टन म्हणाला, "यावर मी सही करणार नाही. मी तिथं उतरलोच नाही."

"फॉर्मॅलिटी आहे हो, कॅप्टन. मंत्र्यांच्या ऑफिसला पाठवायचंय."

"तिथं उतरलो असतो तर एक बाजू रुतली असती, पंखा जमिनीला लागला असता, आणि तुम्ही सगळे जवळच उभे होतात. उतरलो ते पर्यायी हेलिपॅडवर. ते लिहितो." त्यानं टाइप केलेली ओळ खोडली आणि लिहिलं: पर्यायी हेलिपॅड वापरले, पृष्ठभाग उत्तम, रोलरचालकाचे काम चांगले. मग सही करताना सहज विचारलं, "पर्यायी हेलिपॅड ठेवायची कल्पना तुमचीच ना?"

दौलत जमिनीकडे पाहत होता. मी साहेबांकडे. अठरा वर्षांच्या नोकरीत ते जे शिकले होते ते सगळं त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावरून सरकून गेलं.

"अर्थात," ते म्हणाले. "खबरदारी म्हणून."

स्वतःच्याच खबरदारीबद्दल कुणाला नोटीस देता येत नाही. माझा तक्ता त्यांनी चार तुकडे करून खिशात घातला. हेलिकॉप्टर चारला गेलं. कॅप्टननं जाताना हात हलवला तो मंत्र्यांच्या हारवाल्यांना नाही, हे फक्त आम्हा तिघांना कळलं. बाळूभाऊ तर ॲम्ब्युलन्सच्या टपावर उभा राहून शिट्ट्या मारत होता.

दुसऱ्या दिवशी मी त्या फॉर्मची झेरॉक्स दौलतच्या फाइलला लावली. 'रोलरचालकाचे काम चांगले' या शब्दांखाली पेन्सिलीनं रेघ ओढली. फाइलवर चौदा महिन्यांनी सही झाली. सरकारच्या हिशेबात याला तातडीनं म्हणतात. दौलतला पगारी रजा मिळू लागली आणि पगार बेचाळीसशेच्या घरात गेला. म्हणजे कॅप्टनच्या एका महिन्यात आता त्याचे चौदाच महिने बसत होते. साहेबांना 'दूरदर्शी नियोजना'बद्दल प्रशस्तिपत्र मिळालं. ते त्यांनी काचेत बसवून घेतलं.

तेव्हापासून कुणाचा मोठा पगार कानावर आला की मी एवढंच विचारतो, याला त्या पगारात 'नाही' म्हणता येतं का? बहुतेकांना येत नाही. आमच्या साहेबांना अठरा हजारांत, पाच टँकरनंतर सहावा आणू नका, एवढंसुद्धा म्हणता आलं नव्हतं.