मंडईच्या दिवसात जग पाहाले निघालेला कंडक्टर

आमचे हे, डोमा कंडक्टर, अठ्ठावन्न वर्साचे झाले अन् एसटीतून रिटायर झाले. बत्तीस वर्स नागभीडच्याच आजूबाजूनं फिरले. कोन्या स्टॉपवर कोनती म्हातारी कोंबडी घेऊन चढते, थेही त्याइले पाठ. मानूस पार कटाळला होता. म्हने, गोकुळा, मले एकदा अशा गावाले जाचं हाये जिथी मले कोनी ओळखत नाई. मी म्हटलं, नागपूरले जा. तं म्हने, तिथी तं अर्धी आपलीच लोकं राह्यते.

मंग सायकल घेतली. पोरीनं, भाग्यश्रीनं, पासपोर्ट काढून देल्ला अन् कलकत्त्याहून बँकॉकचं इमानाचं तिकीट, वीस नोव्हेंबरचं. कलकत्त्यापर्यंत सायकल हानाची, तिथून सायकलही इमानात टाकाची, अन् पुढं थायलंड, कंबोडिया, व्हिएतनाम, पाय चालन तिथवर. हजार किलोमीटर कलकत्ता, हातात चोवीस दिवस. डॉक्टरनं गुडघा पाहून सांगतलं होतं का जाचं असन तं यंदाच जा, पुढच्या साली हा गुडघा तुमचं आयकनार नाई. म्हनजे हे तिकीट हुकलं का जग हुकलं.

सारं ठरवलं बरोबर, एकच गोष्ट इसरले. दिवाळी झाली का आमच्या झाडीपट्टीत मंडई लागते, आज या गावची, उद्या त्या गावची. दिवसा बाजार, रातच्याले नाटक, अन् घरोघरी पाहुने. मंडईच्या दिवसात सोयऱ्याच्या दारावरून जो तसाच पुढं गेला, त्याच्याशी लोकं वर्सभर बोलत नाई. पन ह्याइले थे कसं आठवन? मंडईत ह्याइची दरसाल जादा गाडीवर ड्युटी. कोनी बोलावलं का 'ड्युटी हाये' म्हनाचं, झाली सुटका. रिटायर झाल्यावर ड्युटी गेली अन् तिच्यासंगं बहानाही गेला, हे काई त्या मानसाच्या डोक्यात आलं नाई.

ऑक्टोबरच्या सत्तावीस तारखेले निघाले. बावीस किलोमीटर झाले नाई तं ब्रम्हपुरीच्या अलीकडं मामेभाऊ सडकेवर आडवा. म्हने, बत्तीस वर्स चकवलं, आता कुठी जाशीन? परवा मंडई हाये. तीन दिवस तिथी गेले. वडश्याच्या पुढं भाग्यश्रीचं सासर. व्याह्याले नाई म्हनाची कोनाची छाती? त्याइनं तं सायकलच धानाच्या खोलीत ठेवली, कुलूप लावलं अन् किल्ली कमरेले खोसली. हे फोनवर रडकुंडीले आले. मटन खाऊ घालून राह्यले गोकुळा, पन सोडून नाई राह्यले, म्हने. मी का करू बापा? पोरीचं सासर हाये, म्हटलं, खा गुमान.

कुरखेड्याकडं तं कहरच झाला. ज्या गावात जा त्या गावात नाटक थांबवून ह्याइले स्टेजवर बोलवे, 'जगप्रवासी डोमाजी' म्हनून शाल अन् नारळ दे. जगप्रवासी अजून महाराष्ट्राच्या बाहेर पडाचा होता. दोन हप्त्यात शंभर किलोमीटर अन् कॅरिअरवर सात नारळ. नमनालेच घडाभर तेल. मले हासूही ये अन् जीवही तुटे.

दहा तारखेले कोरचीच्या अलीकडून फोन आला. आता रोज नव्वद किलोमीटर हानले तं तिकीट सापडत होतं. एक दिवस जरी कुठी थांबले तं गेलं. अन् पुढच्याच गावात बुधरी. बुधरी म्हनजे ह्याइची एकुलती एक बहीन, लहानी, नवरा वारलेली. तिचं दार सडकेले लागून, अन् दुसऱ्याच दिवशी तिच्या गावची मंडई. इतक्या वर्सात भावानं तिच्या मंडईचा एक घास खाल्ला नव्हता. हे म्हने, "मले थे दिसली तं माझ्यानं पुढं जावत नाई. का करू, तूच सांग."

मले रागच आला. मामेभावाचा आला, व्याह्याचा आला, ह्याइच्या भिडस्तपनाचा आला. त्या रागात मी म्हटलं, "तोंडाले दुपट्टा बांधा, मान खाली घाला अन् सायकल हाना. मागं पाहू नोका."

तसंच केलं. दोन-तीन घंट्यानं फोन, छत्तीसगडात पोचलो, कोनी ओळखलं नाई म्हने. लहान पोरावानी खिदळत होते.

संध्याकाळी बुधरीचा फोन आला.

"वहिनी, भाऊ गेला. तोंड बांधलं होतं, पन पाठ तं बाबाचीच हाये ना. मी दारातच उभी होती. हाक नाई मारली. मारली असती तं थांबला असता."

तोंड बांधाची अक्कल माझीच होती. काई बोलावं म्हटलं तं तिनंच इचारलं, टायमावर पोचन ना वो? रोज पोहोचला का कुठी, म्हनून तिचा फोन ये. मंडई आटोपली तशी थे माझ्यासंगं राहाले नागभीडले आली, वहिनी एकटी हाये म्हनून.

तिकीट सापडलं. एकवीस तारखेले बँकॉकहून ह्याइचा व्हिडिओ फोन आला. चेहरा उन्हानं काळा पडला होता, पन दात सारे बाहेर. तिथल्या बसमंधी चढले अन् सवयीनं मोठ्यानं म्हनले, मागं सरका, मागं सरका, तं लोकं खरंच सरकले म्हने. दिवसभर फिरलो, एकाही मानसानं नावानं हाक मारली नाई, असं तीनदा सांगतलं. मंग हळूच इचारलं, "बुधरीनं पाह्यलं तं नाई ना मले?"

बुधरी माझ्या बाजूलेच बसून होती, लसून सोलत. तिनं मान हलवली, सांगू नोको म्हनून. सांगतलं असतं तं हा मानूस दुसऱ्याच इमानानं वापस आला असता, माहीत हाये ना मले.

"नाई," म्हटलं म्या, "नाई पाह्यलं." ह्याइले लय मजा वाटली. हासतच होते, अन् मी फोन बुधरीकडं वळू देल्ला नाई.