पायऱ्यांच्या विहिरीतला नारू

लग्न होऊन मी माणगावाजवळच्या सासरी आले, त्याच उन्हाळ्यात थोरल्या जाऊबाईंच्या घोट्यावर फोड आला. दोन दिवस नुसती आग आग. मग फोड फुटला आणि आतून पांढऱ्या दोऱ्याचं टोक डोकावलं.

"नारू हाय," सासूबाई म्हणाल्या. पडसं झालंय म्हणावं, तसं. तिथे दर उन्हाळ्यात पाचसहा जणांना तो व्हायचाच. दोऱ्याचं टोक काडीला गुंडाळायचं आणि रोज बोटभर ओढायचं. घाईत तुटला, तर पाय सुजून माणूस महिनोन्महिने जायबंदी.

मला किळस आली नाही. काडी गुंडाळायचं काम मी मागून घेतलं. हा पायात शिरला कुठून, हेच डोक्यात घोळत होतं. सासूबाई म्हणायच्या, शिळं खाल्लं असेल. शेजारीण म्हणायची, काटा मोडला असेल. माझं माहेर दिवेआगरचं. तिथे आमच्या वाडीत रहाटाचं पाणी; नारू मी नुसता ऐकून होते.

त्याच दिवसांत देवीची लस टोचणारे आले. ओटीवर टोचणं चाललं होतं, तेव्हा पदर सावरून मी त्यांना विचारलंच. ते हसले नाहीत. त्यांनी घंगाळभर पाणी मागवलं आणि जाऊबाईंना पाय बुडवायला सांगितला. थोड्या वेळाने जखमेतून दुधासारखं काहीतरी पाण्यात पसरलं.

"ही त्याची पिल्लं. पाय थंड पाण्यात गेला की नारू ती सोडतो. पाणी कुठलं पिता?"

"पायऱ्यांच्या विहिरीचं," मी म्हणाले. आग शमावी म्हणून जाऊबाई रोज तिथेच खालच्या पायरीवर पाय सोडून बसत. बाजूलाच आम्ही हंडे भरायचो.

त्यांनी विहिरीचं पाणी काचेच्या पेल्यात घेतलं आणि माझ्या हाती भिंग दिलं. पेला उन्हात धरला. इवले पांढरे ठिपके झटके देत पळत होते!

"हे किडे ती पिल्लं गिळतात, आणि पाण्याबरोबर आपण किडे. वर्षभर नारू अंगात वाढतो, मग बाहेर येतो."

"म्हणजे जाऊबाईंचा हा गेल्या उन्हाळ्यातला?" मी विचारलं. "गेल्या साली घरात कुणाला झाला होता?"

कोपऱ्यातून मामंजींचा आवाज आला, "मला. मीच बसायचो तिथं पाय सोडून."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन गडी बोलावले आणि खालच्या पायऱ्या दगडांनी बुजवल्या. वर आडवं लाकूड टाकून दोर सोडला. गावात कुरकुर झाली, "एवढ्यासाठी पानी शेंदायचं व्हय?" मामंजी हटले नाहीत. मी दुहेरी धोतराच्या फडक्यातून पाणी गाळू लागले.

पण तोवर त्या उन्हाळ्यात ते पाणी मीही प्यालेच होते. वर्षभर आंघोळीच्या वेळी मी पाय निरखत राहिले. भीती होती, पण त्याहून उत्सुकता जास्त. पुढच्या चैत्रात माझ्या टाचेवर फोड आला. या वेळी काडी जाऊबाईंनी धरली. सतरा दिवसांनी अख्खा नारू निघाला. त्यांनी तो चुलीत टाकला.

त्यानंतर आमच्या घरात नारू कुणाला झाला नाही.