‘येजा’ म्हटल्यावर

मागच्या गल्लीतली ताई आमच्याकडे पहिल्यांदा आली ती हळदीकुंकवाला. निघताना चपला घालता घालता ती म्हणाली, “येतो मंग, वैनी.” मी म्हटलं, “येजा.”

पुढचं सगळं त्या एका शब्दानं केलं.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. आमच्या वाशीमकडे घराबाहेर पडणारं माणूस ‘जातो’ म्हणत नाही. ‘येतो’ म्हणतं. बायकाही ‘येतो’च म्हणतात. ‘जातो’ म्हणणं अशुभ. आणि घरातल्यानं त्यावर ‘येजा’ म्हणायचं असतं. त्यात आमंत्रण वगैरे काही नसतं. दार लावताना कडी वाजते, तसा तो एक आवाज. सिलिंडर आणणाऱ्याला मी ‘येजा’ म्हटलंय, विम्यावाल्याला म्हटलंय, आणि मीटरचा आकडा घ्यायला येणाऱ्यालासुद्धा. त्यांच्यापैकी कोणीही त्याचा गैरफायदा घेतलेला नाही.

ही मात्र दुसऱ्या दिवशी दुपारी आली. फाटकाची कडी वाजली, पाठोपाठ हाक. “वैनी, हाये का घरी?”

तोंडावर मी तिला ‘ताई, तुमी’ म्हणायची. मनात ती ‘ती’च होती. आता लिहितानाही तेच येतंय, तर येऊ दे.

माझ्या दुपारीबद्दल सांगायला हवं, नाहीतर माझा राग कुणाला समजणार नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून माझ्या वाट्याला दुपार अशी आलीच नव्हती. सासूबाईंचं पथ्यपाणी, मुलीची शाळा, सोयाबीन घरात आलं की पोत्यांची उस्तवार, उन्हाळ्यात शेवया आणि पापड. मग सासूबाई गेल्या, मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली, शेत बटाईनं कसायला दिलं आणि आम्ही गावातून या नव्या लेआऊटमधल्या घरात राहायला आलो. हे सकाळी डबा घेऊन कचेरीत जातात ते संध्याकाळीच येतात. जेवणाची भांडी आवरली की घर एकदम गप्प व्हायचं. मी फरशीवर नुसती सतरंजी टाकून पंख्याखाली पडायची. झोपायचीच असं नाही. पंखा फिरताना बघायची. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी काही मागत नव्हतं, आणि त्याचं मला इतकं अप्रूप होतं की कधीकधी एकटीच हसायची.

ती दुपार हिनं नेली.

रोज यायची. बसायची. बोलायची तरी किती! त्यांच्याकडचा नळ, सुनेचं माहेर, मानोऱ्याच्या बसला झालेली गर्दी, कुणाच्या तरी मुलीला बघायला आलेले पाहुणे. मध्येच गप्प बसून भिंतीकडे बघायची, पण उठायची नाही. मी चहा करायची. चहा झाला की ती “येतो” म्हणायची, मी रीतीप्रमाणे “काहून चालल्या, बसा ना” म्हणायची, आणि ती बसायची! पुन्हा “येतो” म्हणेपर्यंत संध्याकाळ व्हायची आणि यांची गाडी दारात लागायची.

तेवढ्यावर भागलं असतं तर गोष्ट वेगळी. मी बाजारातून मोरपंखी साडी आणली, तर आठवड्याच्या आत तिच्या अंगावर तीच साडी. तोच काठ, तोच पदर. आम्ही दोघी भाजीला निघालो की लोकांना वाटायचं, बँडवाल्यांचा गणवेश आहे. मी खिडकीला पडदे लावले, तिच्याकडे तसेच लागले. माझा दातांचा डॉक्टर तिचा झाला. मंगरूळपीरला बहिणीच्या नातवाचं बारसं होतं. दाराशी निरोप घेताना मी आपलं म्हटलं, “चला ना तुमी बी.” तर सकाळी बसस्टँडवर ही माझ्याआधी हजर, हातात बाळाचं झबलं. बहिणीनं मला स्वयंपाकघरात ओढून विचारलं, “हे कोन व्हय?” काय सांगणार? मैत्रीण म्हटलं.

मी उपाय केले नाहीत असं नाही. डोकं दुखतं म्हटलं, तर तिनं तेल कोमट करून माझं डोकं चोळून दिलं. एकदा फाटकाची कडी वाजल्याबरोबर मी पंखा बंद केला आणि घामाघूम होत आतच गुपचूप पडून राहिले. ती हाक मारून थांबली. गेली असेल म्हणून मी दार उघडलं, तर बाई ओट्यावर बसलेली. “तुमी झोपल्या असान म्हनलं. आता उनात वापस कुठी जाव, म्हनून बसली इथंच.”

यांच्याकडे तक्रार केली तर हे भाकरी मोडत म्हणाले, “मंग तू तिले येजा कायले म्हनते?”

“येजा नाही म्हनू तं काय येऊ नका म्हनू?”

हे ताकाची वाटी तोंडाला लावून मोकळे झाले. उंबऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला ‘येऊ नका’ म्हणायला आमच्या बोलीत शब्द सापडत नाहीत. असतील तरी आम्हाला कोणी शिकवलेले नाहीत. भांडण असेल तर चार शिव्या आहेत. भांडण नसेल तर काहीच नाही.

शेवटी मुलीनं फोनवर तोडगा काढला. “आई, मी एक सिनेमा बघितला. अगदी तुझ्या त्या काकूंवरच आहे. टीव्हीवर लावता येतो, हिंदीत केलेला आहे. बघ आणि त्यांनाही दाखव.”

मला पटलं. जे तोंडानं सांगता येत नाही ते टीव्हीनं सांगावं. दुसऱ्या दिवशी ती आल्या आल्या मी सिनेमा लावला आणि तिला पुढच्या खुर्चीवर बसवलं, म्हणजे चेहरा दिसेल.

परदेशातले दोन पुरुष. एकाची गाडी रस्त्यात बंद पडते, दुसरा ढकलायला मदत करतो. गाडीवाला जाताना म्हणतो, कधी घरी या. झालं, तो येतो. मग येतच राहतो. त्याच्यासारखे केस कापतो, त्याच्यासारखा कोट शिवतो, त्याच्या आईला फोन करून तब्येत विचारतो, त्याच्या बायकोच्या वाढदिवसाला त्याच्याआधी केक आणतो. हसून हसून पुरेवाट होते, आणि हसता हसता अंगावर काटा येतो. शेवटी गाडीवाला घर सोडून दुसऱ्या गावी पळून जातो, आणि हा त्याच्याच घरात त्याचाच कोट घालून, तो परत यायची वाट बघत जेवायला बसतो. दोन ताटं वाढून.

ती खळखळून हसत होती. पदर तोंडाला लावून, मांडीवर थापा मारत. कोटाच्या वेळी मी मुद्दाम तिच्या मोरपंखी साडीकडे बघितलं. तिचं लक्ष नव्हतं. दोन ताटं आली तेव्हा मात्र ती गप्प झाली.

मी टीव्ही बंद केला. आता समजलं असणार, आता ही रडेल, मग मी काय करू?

ती माझ्याकडे वळली, खुर्ची जरा जवळ ओढली आणि माझा हात हातात घेतला.

“वैनी, समजलं मले. तुमी हा सिनेमा मले काहून दाखोला ते.”

मी मान खाली घातली.

“एकटेपना लय वाईट,” ती म्हणाली. “पोरगी पुन्याले, भाऊजी दिवसभर कचेरीत. मले समजते. म्हनून तं मी येतो. पन आता सांगूनच टाकतो. माह्याच्यानं रोज येनं नाही होत.”

“अं?”

“दुपारी मले झोप लागते, वैनी. सून बी कामावर जाते, घरात कोनी नसते, तेवढाच टाइम असते. पन तुमी रोज म्हनता, येजा. उठाले गेली तं म्हनता, काहून चालल्या, बसा. मंग मोडवत नाही. तुमी म्हनलं साडी घ्या अशी, मी घेतली. दुकानदार म्हने, तुमाले सोभत नाही हा रंग. तरी घेतली. बारशाले चला म्हनलं, आली. बसमधी उलटी झाली मले, तुमाले सांगतलं नाही.” मग तिनं माझा हात थोपटला. “त्या सिनेमातल्यासारखं दोन ताटं घेऊन नका बसू. तुमीच येत जा आमच्याकडे. पन रोज नाही हां.”

तिनं चपला घातल्या. “येतो,” म्हणाली.

या वेळी माझ्या तोंडून ‘येजा’ निघालं नाही.

ती गेल्यावर मी सतरंजी टाकली, पंखा लावला आणि माझी परत मिळालेली दुपार घेऊन आडवी झाले. पाच मिनिटांत उठून बसले. मी? मी चिकटणारी? जिनं माझा जीव नकोसा केला ती माझ्यावर दया करत होती! संध्याकाळी यांना सांगितलं तर हे इतके हसले की कपातला चहा बनियनवर सांडला. मला त्यात हसण्यासारखं काहीच दिसलं नाही. अंगाची नुसती आग होत होती.

पुढे राग निवला आणि विचार सुरू झाले. दुपारच दुपार होती, विचारांना तोटा नव्हता. मध्येच गप्प होऊन भिंतीकडे बघायची ती. तिथे आमचं घड्याळ आहे. म्हणजे मी जशी तिच्या नकळत घड्याळ बघायची, तशी तीही बघत होती. आम्ही दोघी एकमेकींना धरून बसलो होतो, आणि सोडणार कोण याची वाट बघत होतो. कधी वाटतं, तिला सिनेमा नेमका समजला होता, आणि माझी अब्रू राखायला तिनं सगळा दोष उलटा फिरवून माझ्या पदरात घातला. तसं असेल तर ती माझ्यापेक्षा कितीतरी हुशार बाई. विचारायची सोय नाही.

ती आली नाही. तिच्याकडच्या नळाचं काय झालं कळलं नाही. त्या कुणाच्या मुलीला बघून गेलेल्या पाहुण्यांचा होकार आला की नाही, तेही नाही. पंखा फिरत होता आणि मी त्याच्याकडे बघत होते, पण पूर्वीसारखं हसू येत नव्हतं. मला तिची आठवण येत होती. लिहायला लाज वाटते, पण येत होती.

एका दुपारी भांडी आवरून मी निघाले. मोरपंखी साडी नेसावी की नाही, यावर उगाच थांबले आणि दुसरी नेसले. मागच्या गल्लीत चिटपाखरू नव्हतं. तिच्या खिडकीला माझेच पडदे होते आणि आत पंखा फिरत होता. जुना पंखा, बाहेरपर्यंत ऐकू येणारा. मी फाटकाची कडी काढली.

पंखा बंद झाला.

मी हातात कडी धरून उभी राहिले. आत ती घामाघूम होत, श्वास धरून पडली असणार, हे मला भिंतीआडूनही लख्ख दिसलं. घरी वळावं असं मनात आलं. पण ती म्हणाली होती, तुमीच येत जा.

“ताई, हाये का घरी?” मी हाक मारली.

पंखा बंदच राहिला. आता उन्हात परत कुठं जायचं, म्हणून मी तिथंच ओट्यावर बसले.