मार्कंड्याला मी काय मागितलं

दर गुरुवारी मारोतीच्या देवळात भजन व्हायचं आणि ते मी म्हणायचो. मृदंगावर माझा चुलतभाऊ असायचा. त्याचा हात चांगला होता, पण लोक यायचे ते माझ्या आवाजासाठी. निदान मी तसं समजायचो.

मग कुरखेड्याहून बदलून आलेल्या मास्तरांनी व्हॉलीबॉल आणला. धानाची मळणी आटोपल्यावर रिकाम्या खळ्यावर जाळी बांधली. चुलतभाऊ अशी काही उडी घेऊन चेंडू मारू लागला, की गुरुवारी देवळात मी, पुजारी आणि एक बहिरा म्हातारा एवढेच उरलो. खळ्यावर अख्खा गाव. जाळीच्या बांबूला हळदकुंकू लागायचं, नारळ फुटायचा. सामन्याच्या दिवशी बाया उपास धरायच्या. खुद्द माझी आई त्याची नजर उतरवायची.

मी तिला विचारलं, "मी भजन म्हणतो तवा माही नजर काऊन नाई उतरवत?"

"तुले कोनाची नजर लागन?" चुलीत मिरच्या टाकता टाकता ती म्हणाली.

महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या यात्रेत ब्रह्मपुरीच्या संघाशी सामना ठरला. गावातून सात बैलबंड्या निघाल्या. मार्कंड्याच्या महादेवाच्या देवळापाशी चुलतभाऊ मला म्हणाला, "तू आत जाऊन आमच्यासाठी माग. तुहं देव ऐकते."

मी रांगेत उभा राहिलो, पिंडीवर बेल वाहिला आणि त्याची हार मागितली.

ते हरले. शेवटचा चेंडू त्याच्याच हातून जाळीत गेला. आमची माणसं वैनगंगेच्या वाळूत मयत झाल्यासारखी बसली. आईनं डोळ्यांना पदर लावला. मला वाटलं होतं, आनंद होईल. तो झाला नाही. पण वाईटही वाटलं नाही, हे खरं.

परतीच्या बंडीत मी त्याला सगळं सांगून टाकलं.

"तुह्या भजनाले कोनी येत नाई, मले दिसत होतं," तो म्हणाला. "पन काय करू? चेंडू मारताना वाटते, असं मले वाजवताना कधी वाटलंच नाई."

असं म्हणजे कसं, ते मी विचारलं नाही.

पुढच्या यात्रेत ते जिंकले. गावात परतल्यावर त्याला खांद्यावर घेऊन लोक मारोतीच्या देवळात आले, म्हातारी माणसं त्याच्या पाया पडली. मला भजन म्हणायला बोलावणं आलं. देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. मी जीव ओतून म्हटलं. सगळे त्याच्याकडे बघत होते.