बाबांसाठी खुर्ची

१९७८ सालचे ते रविवार पंचफुलाला पुढे कितीतरी वर्षं आठवत राहिले. अल्लीपूरची ही पोर वर्ध्यात नर्स म्हणून लागली होती. सुट्टी मिळाली की ती बाजारातल्या मोठ्या काचा लावलेल्या फर्निचरच्या दुकानांतून हिंडायची. सागवानी कपाटं, पितळी फुलदाण्या, चकचकीत पॉलिशचे सोफे हात लावून बघायची.

नोकरीला वर्ष झालं, तशी ती वडलांना, कवडूजींना, सोबत घेऊन अशाच एका दुकानात आली. कवडूजींचा जन्म मजुरीत गेला होता. गावातल्या मोठ्या घरी ते कायम जमिनीवरच बसत आलेले. दुकानातही ते दाराशी खालीच टेकायला लागले.

"बाबा, खाली काऊन बसता? त्या खुर्चीवर बसून पाहा."

"मळन ना पोरी. मालक रागावन."

दुकानदार हसून म्हणाला, "बसा काका, बसल्याशिवाय कशी समजणार?"

कवडूजी अंग चोरून बसले आणि मग हळूच मागे रेलले. बराच वेळ ते तसेच रस्त्याकडे बघत राहिले.

पंचफुलाने तीच वेताची खुर्ची घेतली. एसटीच्या टपावरून खुर्ची अल्लीपूरला गेली. कवडूजींनी ती घरापुढे, अगदी वाटेलगत मांडली. येणारा-जाणारा थबकला की ते बसूनच सांगायचे, "माह्या पोरीनं बसवलं मले."